भागाकारातली बाकी

कापडी टेप पिशवीत राहिली होती ती निव्वळ विसरल्यामुळे. आदल्या आठवड्यात कपाटाची मापं घेतली, टेप गुंडाळून आतल्या कप्प्यात टाकली आणि ती तशीच माझ्याबरोबर विमानात आली. मध्यरात्र उलटून गेलेली, दिवे मालवलेले, आणि दहा जणांच्या रांगेत मी मधल्या चौघांपैकी एक. डावीकडच्या गृहस्थांचा कोपर माझ्या बरगडीशी सलगी करत होता. उजवीकडच्या आजी शाल डोक्यावरून घेऊन बसल्या होत्या. चार्जर शोधायला पिशवीत हात घातला तर टेप हाती लागली. रिकामपणी माणूस काय करेल, नेम नाही. मी खुर्चीच्या एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत टेप ताणली आणि मोबाइलच्या उजेडात आकडा वाचला. सतराला एक सूत कमी.

"काय मोजताय?" आजींनी डोळे न उघडताच विचारलं.

"खुर्ची."

"किती भरली?"

"सतरा इंच. सूतभर कमीच."

"मग माझीही मोजा. कमी निघाली तर भांडायला बरं."

मोजली. तेवढीच निघाली. भांडायचं कारण हातचं गेलं म्हणून त्या थोड्या खट्टू झाल्या आणि परत शालीत शिरल्या. मला मात्र चाळा लागला तो लागलाच. तेव्हापासून कुठल्याही विमानात बसलो की आधी रांगेतली डोकी मोजतो, मग पट्टा बांधतो.

त्या रात्री एक गोष्ट काही केल्या पचत नव्हती. मी बसलो होतो ते विमान आतून सहा मीटरच्या आसपास रुंद. त्याच्या आदल्या प्रवासात एकाच वाटेच्या लहान विमानात बसलो होतो, तीन इकडे तीन तिकडे. एअरबस ए३२० ची केबिन आतून जेमतेम ३.७० मीटर रुंद, पण तिच्यात अठरा इंचांची खुर्ची आरामात बसते. म्हणजे दीड पटीहून रुंद विमानात मला इंचभर जागा कमी मिळाली होती! वाडा मोठा, पण वाट्याला आलेली खोली चाळीतल्या खोलीपेक्षा लहान, तसं काहीसं. मग ही सगळी रुंदी गेली कुठे?

उत्तर शोधायला लागल्यावर पहिल्यांदा कळलं ते हे, की ती रुंदी मुळात माणसांसाठी आखलेलीच नव्हती. बोइंग ७४७ चं उदाहरण घ्या. १९६६ मध्ये अमेरिकी विमानकंपनी पॅन अ‍ॅमने पंचवीस विमानांची मागणी नोंदवली तेव्हा सगळ्यांचा होरा असा होता, की पुढचा जमाना ध्वनीहून वेगवान विमानांचा असणार. प्रवासी त्यांतून उडतील आणि ही अवाढव्य विमानं मालवाहतुकीला लागतील. म्हणून बोइंगचे मुख्य अभियंते जो सटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धडाची रुंदी ठरवली ती आठ फूट बाय आठ फुटांचे दोन कंटेनर शेजारी शेजारी राहतील अशी. नाकाचा दरवाजा उघडून माल सरळ आत ढकलता यावा म्हणून वैमानिकांची खोली वरच्या मजल्यावर गेली आणि त्या विमानाला त्याचं ते प्रसिद्ध कुबड आलं. दोन डबे, त्यांच्या बाजूची गोलाई, भिंतीची जाडी असं सगळं धरून आतली रुंदी झाली साधारण ६.१ मीटर. त्यात माणसं किती मावतात ते नंतर पाहिलं गेलं.

एअरबसची कथाही वेगळी नाही. ए३०० हे त्यांचं पहिलं विमान २८ ऑक्टोबर १९७२ रोजी उडालं. त्याच्या नळकांड्याचा बाहेरचा व्यास ५.६४ मीटर, कारण जमिनीखालच्या पोटात एलडी-३ नावाचे सामानाचे डबे दोन-दोन शेजारी बसायला हवे होते. वर आतली रुंदी राहिली ५.२८ मीटर. त्यात दोन-चार-दोन अशा आठ खुर्च्या छान बसल्या, हे प्रवाशांचं नशीब. हाच व्यास पुढे ए३१०, ए३३०, ए३४० यांना मिळाला आणि आज नव्या इंजिनांसह निघणाऱ्या ए३३० लाही तोच आहे. पन्नास वर्षांवर एकच नळी चालली आहे. तुम्ही आठच्या रांगेत ऐसपैस बसलात तर आभार मानायचे ते पायाखालच्या त्या डब्यांचे.

उलट गोष्ट बोइंग ७६७ ची. १९८२ पासून प्रवासी नेणारं हे विमान आतून ४.७२ मीटर, म्हणजे रुंद विमानांत अगदीच सडपातळ. दोन-तीन-दोन अशी सातांची रांग. सातांपैकी सहांना खिडकी नाही तर वाट, अडकून पडतो तो फक्त एक. माझ्या मते माणसांच्या सोयीने पाहिलं तर याहून चांगली मांडणी कुणी केली नाही. पण त्याच्या पोटात एलडी-३ चे दोन डबे शेजारी बसत नाहीत, त्यासाठी एलडी-२ नावाचे छोटे डबे वेगळे ठेवावे लागतात. माणसांना मानवलं ते डब्यांना अडचणीचं झालं. मालाचा धंदाही करणाऱ्या कंपन्यांना हे खुपणारच.

धड गोल का, याचं उत्तर सरळ आहे. उंचावर बाहेरची हवा विरळ, आत मात्र आपल्याला श्वास घेता येईल इतका दाब राखावा लागतो. या दोन्हींतला फरक भिंतीच्या दर चौरस मीटरवर सहा टनांच्या घरात जोर लावतो. चौकोनी खोकं असतं तर कोपरे फाटायला निघाले असते. गोल नळीत तो ताण सगळीकडे सारखा वाटला जातो. फुग्याला कोपरे नसतात, तेच कारण.

पण या गोलाईचा जाच खिडकीशी बसणाऱ्याला होतो, आणि तो जाहिरातीतल्या आकड्यांत दिसत नाही. केबिनची रुंदी सांगतात ती नळी जिथे सर्वांत फुगीर असते तिथली. पायाशी भिंत आत वळलेली असते, म्हणून खिडकीकडच्या माणसाचा बाहेरचा पाय सतत कुठेतरी अडतो. डोक्याशीही ती आत येते. उंच माणूस खिडकीशी बसला की मान वाटेकडे कलते आणि शेजाऱ्याला वाटतं, हा आपल्या खांद्यावर झोपायला टपलाय. ए३८० च्या वरच्या मजल्यावर भिंत इतकी कलती आहे, की खिडकी आणि खुर्ची यांच्यामध्ये सामानाचा एक छोटा कप्पाच बसवला आहे. ७४७ च्या वरच्या मजल्यावरही तसाच होता. त्याच्या झाकणावर पुस्तक, चष्मा, पाण्याची बाटली असा सगळा संसार मांडता येतो. हा कप्पा दिला तो काही औदार्य म्हणून नव्हे. तिथे खुर्ची बसतच नव्हती.

आता मूळ भागाकार. बोइंग ७७७ घेऊ, कारण त्याचा हिशोब सर्वांत बोलका आहे. १९९५ मध्ये हे विमान सेवेत आलं तेव्हा त्याची आतली रुंदी होती सुमारे २३१ इंच, म्हणजे ५.८७ मीटर. रांग नऊची, कुठे तीन-तीन-तीन, कुठे दोन-पाच-दोन. साडेअठरा इंचांच्या नऊ खुर्च्या झाल्या १६६.५ इंच. तीन खुर्च्यांच्या एका संचाला हात चार, म्हणजे तीन संचांना बारा. एकेक हात दोन इंचांचा धरला की २४ इंच. एकूण १९०.५. उरले चाळीस, त्यात दोन वाटा आणि भिंतीशी लागणारी फट. सगळं कसं ऐसपैस.

मग कुणीतरी त्या चाळीसाकडे टक लावून पाहिलं. दहावी खुर्ची घालायची तर सतरा इंच ती आणि दोन इंच तिचा हात, एकोणीस इंच हवेत. आधीच्या नऊ जणांकडून दीड-दीड इंच काढला की साडेतेरा जमतात. उरलेले साडेपाच दोन वाटांतून खरवडायचे. झालं! ठोकळेबाज हिशोब आहे, प्रत्यक्षात कुठे हात बारीक होतो, कुठे फट. पण माझ्या टेपने दाखवलेले सतरा इंच असेच जमा झाले होते. रांगेतल्या प्रत्येकाने दीड इंच वर्गणी दिली होती. पावती मात्र कुणालाच मिळाली नव्हती.

वर्गणीचं कारणही हिशोबातच आहे. नवाचे दहा केले की त्याच लांबीच्या विमानात अकरा टक्के माणसं वाढतात. आठाचे नऊ केले की साडेबारा टक्के. इंधन जवळजवळ तेवढंच, कर्मचारी जवळजवळ तेवढेच. कंपनीच्या खुर्चीत मी असतो तर काय केलं असतं, असा प्रश्न मी स्वतःला विचारून पाहिला आणि उत्तर आवडलं नाही म्हणून विषय बदलला.

एकदा हे लक्षात आलं की जुनी मोठी विमानं सगळी एकाच वाटेने गेलेली दिसतात. ७४७ ने १९७० मध्ये प्रवासी न्यायला सुरुवात केली ती तीन-चार-दोन अशा नऊच्या रांगेने, पुढे दहा झाले. डीसी-१० आठावरून नवावर गेलं. ७७७ नवावरून दहावर. ७८७ ची केबिन ५.४९ मीटर, ती दाखवली गेली आठच्या रांगेसाठी, पण बहुतेक कंपन्यांनी नऊच बसवल्या. जपान एअरलाइन्सने आंतरराष्ट्रीय मार्गांवर आठ ठेवल्या, त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं. एअरबसने २००६ मध्ये ए३५० ची आखणी नव्याने मांडली तेव्हा नावातच 'एक्स्ट्रा वाइड बॉडी' लावलं. ७८७ पेक्षा पाचेक इंच रुंदी जास्त. नवांत वाटली तर डोईला अर्धा इंच. हसू नका, अर्धा इंच म्हणजे शेजाऱ्याच्या श्वासाचा आवाज आणि त्याच्या बाहीचा स्पर्श यांमधला फरक आहे. आता काही स्वस्त तिकिटांच्या कंपन्यांनी ए३५० मध्येही दहा बसवल्यात. बोइंगने ७७७ च्या पुढच्या अवतारात आणखी मजेशीर उपाय काढला. बाहेरची नळी तेवढीच, भिंती आतून तासल्या आणि चार इंच मिळवले. दहा जण आधीच बसलेत म्हटल्यावर निदान भिंत तरी मागे सरकवू.

ए३८० मात्र जरा वेगळं निघालं. खालच्या मजल्यावर ६.५० मीटर रुंदी आणि खुर्च्या दहाच. २०१५ मध्ये तिथे तीन-पाच-तीन अशी अकराची रांग सुचवली गेली, पण कुणी ती घेतली नाही. त्या विमानाचं उत्पादन २०२१ मध्ये संपलं. चांगल्या माणसांचं असंच होतं, असं मी म्हणणार होतो, पण त्याला चार इंजिनं होती आणि इंधनाचं बिल चांगुलपणा पाहत नाही.

मला विचाराल तर खुर्चीच्या रुंदीपेक्षा मोठा प्रश्न अडकण्याचा आहे. ज्याला ना खिडकी ना वाट, तो अडकलेला. सातांच्या रांगेत असा एक. दोन-चार-दोनमध्ये आठांत दोन. तीन-तीन-तीनमध्ये नवांत तीन. तीन-चार-तीनमध्ये दहांत चार. म्हणजे विमान जितकं रुंद तितके अडकलेले जास्त, नुसत्या संख्येने नव्हे, प्रमाणानेही. दोन-चार-दोनमध्ये आणखी एक सुख असं, की कुणालाही एकापेक्षा जास्त माणूस ओलांडावा लागत नाही. तीनच्या संचात खिडकीवाल्याला दोघांची झोपमोड करावी लागते. सगळ्यांत वाईट ती जुनी दोन-पाच-दोन. पाचांच्या मधोमध बसलेल्याला इकडून गेलं तरी दोन, तिकडून गेलं तरी दोन. स्वच्छतागृहात जायचं म्हणजे मोहिमेची आखणी. ती मांडणी आता जवळपास दिसेनाशी झाली, बरंच झालं.

आणि हातांचा प्रश्न! चौघांच्या संचात माणसांचे हात आठ आणि खुर्च्यांचे पाच. ही विषमता कुठलाही इंजिनियर सोडवू शकलेला नाही. खुर्ची मोजतात ती दोन हातांच्या मध्ये, म्हणजे जिथे आपण टेकतो तिथे. पण माणूस काही वरपासून खालपर्यंत एकाच मापाचा नसतो. सरासरी पुरुषाचे खांदे अठरा इंचांपेक्षा रुंदच भरतात. कमरेला जागा पुरते, खांदे शेजाऱ्याच्या हद्दीत जातात. वाटेकडचा माणूस खांदा वाटेत काढतो आणि जाता-येता धक्के खातो. खिडकीकडचा भिंतीला टेकतो. मधल्याला दोन्हीकडे माणसंच. तेव्हा दोन्ही बाजूंचे हात मधल्याचे, हा माझा ठाम पक्ष आहे. त्या रात्रीच्या डावीकडच्या गृहस्थांना तो मान्य नव्हता. मी दोनदा "जरा हात घेता का?" म्हणालो, त्यांनी दोनदा घेतला, आणि झोप लागताच तो पुन्हा मायदेशी परतला.

वाटांबद्दल एक गंमत. वाट किती रुंद हवी, हे अमेरिकी नियमांत लिहिलेलं आहे. मोठ्या विमानात जमिनीपासून पंचवीस इंचांपर्यंत निदान पंधरा इंच आणि त्यावर निदान वीस इंच. खाली कमी चालतं, कारण पाय अरुंद जागेतून जातात. वर जास्त, कारण खांदे जात नाहीत. म्हणजे नियम लिहिणाऱ्याला माणसाचा आकार नीट ठाऊक होता, फक्त उभ्या माणसाचा. बसलेल्या माणसाची खुर्ची किमान किती रुंद हवी, याचा आकडा त्याच नियमांत नाही. २०१८ मध्ये अमेरिकी संसदेने एका कायद्यात खुर्चीची किमान मापं ठरवायला सांगितलं तेव्हा कुठे हा प्रश्न सरकारी कागदावर आला, आणि तोही आरामाचा म्हणून नव्हे, संकटात बाहेर पडता येण्याचा म्हणून. नव्वद सेकंदांत, निम्मेच दरवाजे वापरून, सगळं विमान रिकामं झालं पाहिजे ही कसोटी असते. २००६ मध्ये हॅम्बुर्गला ए३८० मधून ८७३ माणसं ७८ सेकंदांत उतरली. हा आकडा मी प्रत्येक उड्डाणाआधी आठवतो. वाटेत पिशव्या नसाव्यात असं मला मनापासून वाटतं ते त्यामुळेच.

दोन रांगांमधल्या अंतराबद्दल, म्हणजे गुडघ्यांच्या जागेबद्दल, लोक जास्त भांडतात. ते अंतर बदलणं सोपं असतं. जमिनीत लांबीच्या दिशेने रूळ असतात, त्यांना इंचा-इंचावर भोकं, खुर्च्यांचा संच हवा तिथे अडकवा. रुंदीचं तसं नाही. गुडघ्यांची जागा हा कंपनीच्या मर्जीचा विषय, रुंदी हा नळीचा. म्हणून तिकीट काढताना मी आधी विमान कोणतं ते पाहतो, मग रांगेत किती खुर्च्या ते, आणि पायांची जागा शेवटी. माझे पायही लांब नाहीत, हे कबूल करायला हवं.

खुर्च्यांची अक्षरं वाचायलाही मी याच नादात शिकलो. रांगेत 'आय' हे अक्षर नसतं, ते इंग्रजी एकच्या आकड्यासारखं दिसतं म्हणून. पण दोन-चार-दोनच्या पुष्कळ विमानांत 'बी' आणि 'जे' सुद्धा गायब असतात. 'ए' म्हणजे खिडकी, 'सी' म्हणजे वाट, हे प्रवाशाच्या अंगवळणी पडलेलं, म्हणून मधलं अक्षर गाळून टाकलं. 'ए'च्या शेजारी थेट 'सी' दिसला की मला हायसं वाटतं. न छापलेला तो 'बी' म्हणजे न बसलेला माणूस.

हल्लीच्या प्रवासात मुद्दाम अगदी मागची रांग घेतली. शेपटीकडे नळी निमुळती होत जाते, तिथे तीनचा संच बसत नाही, म्हणून शेवटच्या काही रांगांत बाजूला दोनच खुर्च्या उरतात. स्वच्छतागृह जवळ, गोंगाट जास्त, उतरताना नंबर शेवटचा. लोक टाळतात. मी खिडकीशी बसलो आणि पाहिलं तर खुर्ची आणि भिंत यांच्यामध्ये चांगली फट. पिशवी सरकवली, तिथे मावली. वर शाल ठेवली, तीही मावली. बाहेरचा पाय चक्क सरळ झाला. विमान वर स्थिरावल्यावर पिशवी उचलून टेप काढली आणि फट मोजली. साडेसहा इंच. एवढ्यात अजून कुणालाही माणूस बसवता आलेला नाही.